खालच्या फळीचा खिळा

फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाली हात घालून बघितलंत का?

समोरचा माणूस गोंधळतो. त्याने कुठल्यातरी आत्याच्या घरातून जुना फोनोग्राफ उचलून आणलेला असतो. कमरेच्या वर येणारं लाकडी कपाट, वर झाकण, झाकणाला बोटाच्या पेराएवढं कुलूप, आणि किल्ली कुठे गेली ते देवाला ठाऊक. त्याला वाटतं, या म्हाताऱ्याला पैसे पाठवले की किल्ली येईल. मी म्हणतो, अहो, आधी गुडघे टेका. पुढच्या उजव्या पायामागे, तळाच्या फळीला खालून हात फिरवा. खिळा लागतो का बघा. दहांतल्या तिघांना खिळा लागतो, आणि खिळ्यावर किल्ली. पोरांनी आत उचकपाचक करू नये म्हणून कुणा आजीने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी टांगलेली. मग तो माणूस ओशाळून हसतो, आभार मानतो, आणि माझं गिऱ्हाईक जातं. जाऊ दे. दहांतले सात उरतातच.

मी चेस्टर डुडेक, राहणार नँटिकोक, पेनसिल्वेनिया. जुन्या फोनोग्राफांच्या किल्ल्या आणि कुलपं गेली चाळीस वर्षं शोधून देतो. मिळाली नाही तर बनवून देतो. माझ्या तळघरात चार हजारांच्या वर किल्ल्या आहेत, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत, कंपनीप्रमाणे लावलेल्या. लोकांना वाटतं हे फार मोठं शास्त्र आहे. डोंबलाचं शास्त्र. कंपन्यांनी ही कुलपं चोरांसाठी केलीच नव्हती, घरातल्या पोरांसाठी केली होती. एका कंपनीची एकच किल्ली हजारो कपाटांना चालते. फक्त हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढे मी जी माती खाल्ली ती अडाणीपणाने खाल्ली असं कुणाला वाटायला नको. मला सगळं येत होतं.

आमच्या घरी एक फोनोग्राफ होता. बापाने खाणीतल्या पगारातून हप्त्याने घेतलेला. आमची आई पोलंडची, देवाधर्माची कडक. राखेच्या बुधवारी सकाळी कपाळाला राख लावून चर्चमधून आली की ती कोटसुद्धा न काढता सरळ फोनोग्राफकडे जायची आणि झाकणाला कुलूप ठोकायची. आदल्या दिवशी मंगळवारी आम्ही पोट फुटेस्तोवर पोंचकी खाल्लेल्या असायच्या, जॅम भरून तळलेल्या गोल गोल, आणि दिवसभर पोल्काची नाचगाणी वाजवलेली असायची. बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपासाचे चाळीस दिवस, घरात वाजणार फक्त भांडी. किल्ली आईच्या एप्रनच्या नाडीला बांधलेली. ईस्टरच्या दिवशी दुपारी बाराच्या घंटा झाल्या की ती कुलूप काढायची. मग झाकण उचलायचं ते फ्लोरेकने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, फ्लोरियनने, आणि हँडल फिरवायचं मी. हे मान ठरलेले होते. एका वर्षी मला गालगुंड झालं होतं तर आईने मला गोधडीसकट उचलून आणून हँडलला हात लावायला लावला होता.

त्या किल्लीची एक खूण होती. मी सात वर्षांचा असताना फ्लोरेकने उपासाच्या दिवसांत ती पळवली आणि घाईघाईत अशी पिरगाळली की धरायचं कडंच तुटून हातात आलं. तोडली त्याने आणि मार खाल्ला मी, कारण मी आधी रडायला लागलो. बापाने खाणीच्या वर्कशॉपमधून ती पितळेने जोडून आणली. काळ्या लोखंडावर पिवळा वळ. कुलूप हजार किल्ल्यांनी उघडलं असतं, पण तसली किल्ली जगात एकच होती.

आई गेली ती उपासाच्या दिवसांतच, सव्वीस वर्षांपूर्वी. फ्लोरेक लग्न करून केव्हाच ईरीला गेला होता, पाच तासांवर. मी बिनलग्नाचा, आईजवळ राहिलेला. हॉस्पिटलात तिने उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चेशू, ईस्टरला दोघं मिळून उघडा." चार शब्द. त्यातला 'दोघं' हा शब्द आम्ही दोघांनी मिळून बरोब्बर विसरलो.

झालं असं की अंत्यविधीनंतर आठवड्याने मी चर्चमध्ये फादरांशी बोलायला गेलो होतो, आणि तेवढ्यात फ्लोरेक ट्रक घेऊन आला आणि फोनोग्राफ घेऊन गेला. टेबलावर चिठ्ठी: "थोरल्याचा असतो. आईने मला सांगितलं होतं. किल्ली पाठव." सांगितलंही असेल. पण मी दहा वर्षं तिला उचलून बाथरूमला नेत होतो, आणि हा चिठ्ठी ठेवून जातो. माझं डोकं फिरलं. मी फोन केला, "आधी खोकं परत आण, मग किल्ली." तो म्हणाला, "आधी किल्ली." मी फोन आपटला. त्या ईस्टरला बाराच्या घंटा झाल्या तेव्हा किल्ली नँटिकोकला होती आणि कुलूप ईरीला.

आता तुम्ही म्हणाल, फ्लोरेकला काय, कुठलीही किल्ली चालली असती. तेच तर. फ्लोरेक याच धंद्यातला. तो फोनोग्राफच्या मोटरी दुरुस्त करायचा, आणि माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला होता, हे मी तो जिवंत असताना कधी बोललो नाही. त्याच्या दुकानात पोत्याने किल्ल्या पडलेल्या असणार. मी गृहीत धरलं की त्याने महिन्याभरात उघडलं असेल आणि मजेत पोल्का ऐकत असेल. या विचाराने मी किती वर्षं जळलो ते माझं मला माहीत.

दर ऑगस्टला ओहायोत फोनोग्राफवाल्यांचा मेळावा भरतो, जत्रेच्या मैदानावर. तिथं आम्ही दोघंही जायचो. माझं टेबल किल्ल्यांचं, त्याचं टेबल दोन रांगा सोडून, मोटरींचं. बोलायचो नाही. एका वर्षी, आई जाऊन नऊ वर्षं झाली असतील, तो कुणालातरी घेऊन माझ्या टेबलावरून गेला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "यांच्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत, लावायला घर नाही." लोक हसले. मी त्या वेळी आईची किल्ली गळ्यात, सुताच्या दोरीत घालायचो. ती मी काढली, दोरीतून सोडवली आणि पुढच्या ट्रेमध्ये भिरकावली. 'कुठलीही घ्या, दोन डॉलर' असा तो ट्रे होता, गंजक्या, बिनकामाच्या किल्ल्यांचा. मग शेजारच्या टेबलावरच्या मर्टलला म्हटलं, "जरा लक्ष ठेव," आणि कॉफी प्यायला गेलो. कॉफी अर्धी बशीत सांडली.

पाऊण तासाने डोकं थंड झालं तसा धावत परत आलो. ट्रे उपसला, टेबलावर ओतला, गवतात गुडघ्यांवर बसून शोधलं. नव्हती. मर्टल म्हणाली, "चार-पाच जण येऊन मुठी भरून घेऊन गेले बाबा, मी काय एकेकाचं तोंड बघत बसू?"

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईची किल्ली मी दोन डॉलरला विकली, हे वाक्य मी आरशासमोरही म्हटलं नव्हतं.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारनंतर दोन दिवसांनी रेजिनाचा फोन आला. रेजिना म्हणजे फ्लोरेकची बायको. पंचवीस वर्षांत तिचा आवाज मी दोनदा ऐकला असेल.

"चेस्टर, फ्लोरेकचं काही खरं नाही," ती म्हणाली. "फुप्फुसं. डॉक्टर म्हणतात ईस्टर बघेल, पुढचं सांगता येत नाही. त्याला तुझ्याशी बोलायचंय."

मग नुसता श्वास ऐकू आला. बराच वेळ. मग फ्लोरेक म्हणाला, "चेशू."

या नावाने मला हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"आईची किल्ली आहे ना रे तुझ्याकडे?"

आणि मी म्हणालो, "आहे की. जाईल कुठे?"

पलीकडे शांतता. मला वाटलं त्याला धाप लागली. मग तो म्हणाला, "बरं. मग घेऊन ये. ईस्टरला उघडू. आधी आलास तरी चालेल. उद्या आलास तरी चालेल."

"येतो," मी म्हणालो. फोन ठेवला आणि तळघरात उतरलो.

आता शहाणा माणूस काय करेल? गाडी काढेल, पाच तास चालवेल, भावाच्या पलंगाशी बसेल आणि म्हणेल, बाबा रे, हरवली. पण मी चाळीस वर्षं लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या शोधून देणारा माणूस. माझ्या भावाने मरताना एक किल्ली मागितली आणि मी रिकामे हात घेऊन जाऊ? माझ्याने होईना. वाटलं, अजून सहा आठवडे आहेत. शोधू.

शोधली. त्या वर्षीच्या मेळाव्याला आलेल्यांची जुनी यादी काढली आणि फोन लावत बसलो. अर्धे लोक मेलेले. जिवंत होते त्यांना मी विचारायचो, सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडून घेतलेल्या किल्ल्यांत एक पितळेचा वळ असलेली होती का? एकजण म्हणाला, "चेस्टर, तुझी तब्येत बरी आहे ना?" तरी काहींनी डबे उपसले, बिचाऱ्यांनी. एकाने टपालाने सात पाठवल्या. एकही नाही.

शेवटी मर्टलला फोन केला. ती आता नव्वदीची, लँकेस्टरजवळ म्हाताऱ्यांच्या घरात असते. कान गेलेत पण जीभ शाबूत आहे.

"मर्टल, तू त्या दिवशी माझा ट्रे सांभाळला होतास. किल्ल्या कुणी नेल्या, आठव ना जरा."

"मला काल काय जेवले ते आठवत नाही आणि तू सोळा वर्षांपूर्वीचं विचारतोस." मग थांबली. "कशाला हवीय?"

"फ्लोरियन आजारी आहे. मागतोय."

 मग म्हणाली, "चेस्टर, तू जा त्याच्याकडे."

"किल्ली मिळाली की जातो."

"अरे गाढवा, किल्ली किल्ली काय लावलंयस? तू जा. मी शब्द दिलाय म्हणून जास्त बोलत नाही."

मला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. कसला शब्द, कुणाला शब्द, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. डोक्यात किल्ली होती ना.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी ठरवलं की आता बनवायची. त्याच कंपनीची, त्याच सालातली किल्ली डब्यातून काढली. तिचं कडं तोडलं. पितळेने जोडलं. जोड फार सुबक आला. आमचा बाप सुबक नव्हता. परत तोडलं, परत जोडलं. मग लोखंडाचा नवेपणा घालवायला मिठाच्या पाण्यात ठेवली, तेल चोळलं, सुट्ट्या नाण्यांबरोबर पँटच्या खिशात घालून आठवडाभर फिरलो. आईच्या नाडीने कड्याच्या आतल्या बाजूला एक खाच पडली होती, ती मला डोळे मिटून आठवत होती. सुताचा दोरा तेलात आणि राखेत बुडवून तास तास घासत बसलो. फ्लोरेकची नजर घारीची. त्याला कळलं तर तोंड कुठे लपवू, एवढी एकच चिंता.

मधे रेजिनाचे फोन. "कधी येतोस?"

"शनिवारी निघतो."

शनिवारी पहिली किल्ली व्हाइसच्या शिकंज्यात दातांपाशी मोडली. नव्याने सुरुवात.

पुढच्या आठवड्यात परत फोन. "आज बरा आहे तो. उठून बसला. माझ्याकडून दाढी करून घेतली, म्हणाला चेशू येईल. येतोयस का?"

"थोडंसं काम राहिलंय, रेजिना. झालंच."

"कसलं काम?"

"गिऱ्हाइकाचं."

तिने फोन ठेवला. त्या बाईचं आजही आश्चर्य वाटतं, तिने मला शिव्या कशा घातल्या नाहीत.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, किल्ली मनासारखी झाली. पिवळा वळ तसाच जाडाभरडा, खाच तशीच, हाताला वजनही तेच. मी ती खिडकीत उन्हाला धरली आणि, आता लाज वाटते सांगायला, मला फार आनंद झाला. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. म्हटलं, पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी पोचायचं, रविवारी बाराला उघडायचं. सोमवारी गाडीचं तेल बदललं. मंगळवारी केस कापून घेतले. भावासमोर पंचवीस वर्षांनी बसायचं तर जरा माणसात दिसावं.

बुधवारी सकाळी फ्लोरेक गेला.

फोनवर रेजिना एवढंच म्हणाली, "आता सावकाश ये."

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारपासून प्रेताचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली अंत्यविधीची उपासना, होत नाही. त्यामुळे त्याला सोमवारपर्यंत थांबावं लागलं. एवढे दिवस माझ्यासाठी थांबला, त्यात आणखी पाच. मी शनिवारी पोचलो, ठरलं होतं तसाच. रेजिनाचं घर छोटं, नीटनेटकं, स्वयंपाकघरात ईस्टरची टोपली चर्चमधून मंत्रून आणलेली: अंडी, सॉसेज, मुळ्यासारखं झणझणीत मूळ किसून घातलेलं लाल बीट, लोण्याचं घडवलेलं कोकरू. कुणासाठी केलंस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिनेच सांगितलं, "सवयीने केलं."

आणि पुढच्या खोलीत, खिडकीशी, आमचा फोनोग्राफ. मेणाने पुसून लखलखीत. त्याच्यासमोर फ्लोरेकची खुर्ची, उशी अजून दबलेली.

रविवारी आम्ही सकाळच्या मिस्साला जाऊन आलो. बाराला पाच मिनिटं कमी असताना रेजिना फोनोग्राफपाशी जाऊन उभी राहिली. मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"आईची किल्ली," मी म्हणालो. गेलेल्या माणसाच्या घरात, ईस्टरच्या दिवशी, तरीही.

तिने ती उलटीसुलटी केली. पिवळ्या वळावरून अंगठा फिरवला. खाचेत नख घातलं. मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाली, "छान जमलीय रे."

माझ्या कानशिलांत कढत पाणी ओतल्यासारखं झालं.

"खाली हात घाल," ती म्हणाली.

"काय?"

"त्याने तुला असंच म्हणायचं ठरवलं होतं. आता तो नाही, तर मी म्हणते. खाली हात घाल, चेशू."

मी गुडघे टेकले. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो ते पहिल्यांदा स्वतः केलं. पुढच्या उजव्या पायामागे, तळाच्या फळीला खालून हात फिरवला. खिळा लागला. खिळ्यावर किल्ली होती. बाहेर काढायच्या आधीच बोटांना कळलं. वळ खरखरीत होता, आणि खाच मी केली होती त्यापेक्षा थोडी डावीकडे होती.

मी ती काढून तळहातावर घेतली. रेजिना शेजारी जमिनीवर बसली.

"त्या दिवशी तुझ्या टेबलावर मर्टल होती," ती म्हणाली. "फ्लोरेकला स्वतःचंच बोलणं लागलं होतं, माफी मागायला म्हणून तो परत आला. तू नव्हतास. ट्रेमध्ये वरच ही पडलेली. त्याने मूठ भरून किल्ल्या घेतल्या, त्यात ही, आणि मर्टलला म्हणाला कुणाला सांगू नकोस. घरी येऊन टेबलावर ओतल्या आणि ढसाढसा रडला. मला वाटलं कुणी गेलं. मग खिळा ठोकला आणि टांगली."

"उघडलं का नाही?"

"आई दोघांनी म्हणाली होती म्हणे."

"त्याला कुणी सांगितलं? मला एकट्याला सांगितलं होतं तिने."

"त्यालाही सांगितलं होतं. फोनवर. तुला काय वाटलं, तू एकटाच मुलगा होतास तिचा?"

पंचवीस वर्षं त्या झाकणाला कुणी हात लावला नव्हता. मी नँटिकोकला बसून जळत होतो, आणि हा इथं कुलूप लावलेल्या खोक्यासमोर खुर्ची टाकून बसत होता.

"मग फोनवर का विचारलंस, किल्ली आहे का म्हणून?" हे मी रेजिनाला विचारलं, पण विचारत फ्लोरेकलाच होतो.

"तू सांगावंस म्हणून. विकली, हरवली, काहीतरी. तू आहे म्हणालास, आणि फोन संपल्यावर त्याने रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि हसला. म्हणाला, गाढवाला अजून खोटं बोलता येत नाही. दोन दिवसांत फोन करेल बघ. नाहीतर रिकाम्या हाताने दारात उभा राहील, तोंड पाडून, आणि मी म्हणेन, खाली हात घाल." ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "रोज दाराकडे तोंड करून बसायचा. मी म्हटलं, मी सांगते चेस्टरला, पुरे झालं. तर म्हणायचा, त्याचं त्याला सांगू दे. आणि मलाही वाटत राहिलं की ईस्टरपर्यंत वेळ आहे. चूक माझीही आहे."

"तुझी नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू झाल्या. रेजिनाने मला हात देऊन उठवलं. मी आईच्या किल्लीने कुलूप काढलं. एका फेऱ्यात निघालं, तेलपाणी केल्यासारखं. पण झाकण उचलायचा मान माझा नव्हता. मी तसाच उभा राहिलो. मग रेजिनानेच झाकण उचललं. आत आईची शेवटच्या मंगळवारची रेकॉर्ड, थाळीवर तशीच. पिनांच्या वाटीत चार पिना.

मी हँडल फिरवलं. जड जात होतं. ब्रेक सोडला तर थाळी पाव फेरा फिरली आणि थांबली. आतलं वंगण डांबरासारखं झालेलं. फ्लोरेक आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावत आला, वर्षातून एकदा तरी फिरवा, नाहीतर मोटर बसेल. त्याच्या स्वतःच्या घरात मोटर बसली होती आणि त्याला ते माहीत असणार. मला बोटाने थाळी ढकलून बघावंसं वाटलं. नाही ढकलली. रेजिना म्हणाली, "चल, जेवून घे." आम्ही लोण्याच्या कोकराचं डोकं कापून पावाला लावलं आणि खाल्लं, आणि मी तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो.

सोमवारी पेटी बंद करायच्या आधी त्यांनी मला पाच मिनिटं एकट्याला आत सोडलं. फ्लोरेक फार बारीक झाला होता. दाढी नीट केलेली होती. रेजिनाला विचारून मी आईची किल्ली त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवली. माझी बनवलेली माझ्याच खिशात होती, अजून आहे.

मग मी वाकून त्याच्या कानाशी म्हणालो, "फ्लोरेक, मी ती विकली रे. रागाच्या भरात. दोन डॉलरला."

एवढंच होतं. बोलायला काही वेळ लागला नाही, आणि अर्धं मिनिट मी तसाच वाकून राहिलो, तो काहीतरी म्हणेल म्हणून.